थोरल्या देवाचा रिपोर्ट

१

देवानंद ताजणेच्या तेरवीची पंगत उठत होती, आणि पोस्टमन दारात उभा राहून मेलेल्या माणसाची सही मागत होता.

त्या बिचाऱ्याचा तरी काय दोष! जैनथच्या पोस्टात नवा आलेला, तेलुगू बोलणारा माणूस. सावरघाटात कोण जगलं, कोण गेलं, हे त्याला कुठून ठाऊक असणार? रजिस्टर पाकीट होतं आणि त्यावर नाव टाइप केलेलं : देवानंद उद्धव ताजणे. मांडवातल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. पुढं व्हायचा धीर कुणालाच होईना. शेवटी हणमंतराव पानावरून उठले, हात धुतले, पोस्टमनला बाजूला घेऊन चार शब्द तेलुगूत समजावले आणि देवानंदच्या आईचा, विमलबाईंचा अंगठा देऊन पाकीट घेतलं.

हणमंतराव म्हणजे तेलंगणातल्या या सीमेवरच्या गावच्या मराठी शाळेचे निवृत्त हेडमास्तर. वय एकाहत्तर. सावरघाटातला पन्नाशीच्या आतला प्रत्येक माणूस त्यांच्या हातची छडी खाऊन मोठा झालेला. त्यामुळं गावात काही हरवलं, कुणी काही लपवलं, की लोक पोलीस पाटलाआधी गुरुजींकडं येत. "खोटं बोलणाऱ्या पोराचे कान बोलतात," असं ते म्हणायचे, आणि दहातल्या नऊ वेळा बरोबर निघायचे.

मागच्या खोलीत बसून त्यांनी पाकीट फोडलं. विमलबाई समोर उंबऱ्यावर टेकल्या. नवरा गेला त्याला नऊ वर्षं झाली. आता हा एकुलता एक मुलगा, अठ्ठाविसाव्या वर्षी. कापसाची पिकअप घेऊन आदिलाबादला निघाला होता, पैनगंगेच्या वळणावर गाडी उलटली.

"कायचा कागद हाय, गुरुजी? सरकारी हाय का?"

कागद इंग्रजीत होता. हणमंतरावांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि चष्मा काढून पुसला.

मागच्या पोळ्यानंतर देवानंदला हैदराबादच्या एका मोठ्या दवाखान्यात लॅब टेक्निशियनची नोकरी लागली होती. विमलबाईंनी अख्ख्या गावाला पेढे वाटले. आणि आठव्या दिवशी पोरगा बॅग घेऊन परत! "मले नाई जमत थे शहर," एवढंच म्हणाला. लोक हसले. आईनंही चार शब्द सुनावले. मग तो लॅबच्या कामाचं नावही काढीना. पिकअप चालवायला लागला. आता या कागदावरून कळत होतं की पोरगा स्वतःहून परत आलाच नव्हता. नोकरीआधी माणसाची माहिती काढणाऱ्या एका कंपनीनं त्याच्यावर रिपोर्ट केला होता, आणि मरणाच्या महिनाभर आधी देवानंदनं त्या रिपोर्टची प्रत मागवली होती.

"वाचा नं जी."

"विमलबाई, यात असं लिहिलंय की... देवावर चोरीचा गुन्हा आहे. केस चालू आहे. म्हणून नोकरी देऊ नये."

विमलबाई रडल्या नाहीत.

"माह्या देवानं कोणाच्या वावरातली वांगीबी तोडली नाई, गुरुजी. आन् थो हे पोटात घेऊन तीन महिने माह्या शिव्या खाऊन राह्यला? कोणं सांगतलं हे? मले थो माणूस पाह्यजे. मले त्याचं नाव आणून द्या, आन् माह्या पोरावरचा हा डाग पुसून आणा. दुसरं काईच नको मले."

"आणतो," हणमंतराव म्हणाले. हा शब्द आपल्याला किती महाग पडणार आहे, हे त्या वेळी त्यांना काय ठाऊक!

२

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर बसून त्यांनी रिपोर्ट पेपर तपासावा तसा लाल पेन घेऊन वाचला.

बाप रे बाप! त्या कंपनीनं काय काय म्हणून गोळा केलं नव्हतं! देवाचे आजवरचे मोबाइल नंबर, हप्त्यानं कधी फोन घेतला ते, रेशनकार्डावरची माणसं, बारावीचे मार्क. सख्ख्या आईला ठाऊक नसेल एवढं त्या चार पानांत होतं. पण दुसऱ्या पानावर लाल पेन थांबलं. राहण्याचा पत्ता म्हणून सावरघाटाखाली आणखी एक पत्ता होता, आदिलाबादच्या कापूस यार्डामागची खोली. आणि आधीचं काम : जिनिंग मिलमध्ये हमाल.

"कुमुद," त्यांनी बायकोला हाक मारली, "अगं, यात अर्धा माणूस आपला देवा आहे, आणि अर्धा धाकला देवा."

आता हा धाकला देवा कोण, ते सांगायला हवं. ताजण्यांच्या घराण्यात नावांचा कायमचा दुष्काळ. वडीलधारं माणूस गेलं, की पुढं भावकीत जी पोरं होतील त्यांना त्याचंच नाव. असे दोन चुलतभाऊ दोघेही उद्धव झाले. पुढं भावकीतले देवानंदबुवा वारले, तेव्हा त्या दोन्ही उद्धवांनी आपापल्या पोराचं नाव देवानंद ठेवलं. गावाला कधी अडचण आली नाही. विमलबाईंचा तो थोरला देवा, नाल्यापलीकडचा तो धाकला देवा. शेंबडं पोरसुद्धा चुकत नसे. धाकला मिलमध्ये हमाली करायचा, आणि दोन वर्षांपूर्वी तिथून तांब्याच्या तारा गेल्या तेव्हा पोलिसांनी ज्या पाच हमालांवर केस केली त्यांत तोही होता.

"मग झालं की! नावाचा घोटाळा," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "चोर सोडून संन्याशाला फाशी. लावा फोन चैत्रालीला."

चैत्राली म्हणजे त्यांची मुलगी, हैदराबादला बँकेत. तिला असल्या रिपोर्टांची रोजची सवय. ती म्हणाली, "बाबा, नुसत्या नावावर ते कुणाला धरत नाहीत हो. तिथं माणूस बसून वाचत नाही, मशीन जुळवतं. चार खुणा असतात. नाव, वडिलांचं नाव, गावाचं मंडळ म्हणजे आपला तालुका, आणि जन्मतारीख. तीन जुळल्या तर मशीन सोडून देतं. चारही जुळल्या तरच माणूस एक धरतं. शेवटच्या पानावर तळाला बघा."

तळाला चार खुणांपुढं चार बरोबरच्या टिका होत्या. पोलिसांच्या कागदातली जन्मतारीख एक जून एकोणीसशे सत्त्याण्णव. देवानंदच्या अर्जातली जन्मतारीखही तीच.

कुमुदिनीबाई हसल्याच. "एक जून! तुमच्या झाडून सगळ्या लेकरांचा वाढदिवस!"

हे खरं होतं. खेड्यात जन्माची नोंद कोण ठेवतो? पोरगं शाळेत आलं, की मास्तर आपल्या मनानं एक जून टाकायचे. दर एक जूनला हणमंतरावांचा फोन दिवसभर वाजायचा.

"दिवस माझा आहे," हणमंतराव जरा फुरंगटून म्हणाले, "पण वर्ष मी कधी मनानं टाकलं नाही. आईला विचारून, सणावारावरून काढून लिहिलंय. थोरला सत्त्याण्णवच्या संक्रांतीचा, धाकला अठ्ठ्याण्णवच्या होळीचा. सव्वा वर्षाचं अंतर आहे दोघांत. धाकल्याच्या कागदावर अठ्ठ्याण्णवच असणार."

मग त्यांनी लाल पेनानं त्या तारखेभोवती गोल काढला. चौथी खूण जुळायलाच नको होती. आणि जुळली होती, याचा अर्थ ती कुणीतरी हातानं जुळवली होती.

३

रिपोर्टाच्या तिसऱ्या पानावर गावात येऊन चौकशी करणाऱ्याचं नाव होतं, अनुप. खाली नंबर. हणमंतरावांनी त्याला आदिलाबादच्या बसस्टँडवर गाठलं. पंचविशीचा पोरगा, खांद्यावर रेनकोटच्या कापडाची बॅग, डोळ्यांत झोप.

"सार, मैं तो... मी फक्त घर बघतो. फोटो काढतो, दोन शेजाऱ्यांना विचारतो, फॉर्म पाठवतो. एका फॉर्मचे साठ रुपये मिळतात. दिवसाला दहा गावं होतात."

"सावरघाटात कुणाला विचारलंस?"

अनुपनं मोबाइलमध्ये बोट फिरवलं आणि स्क्रीन पुढं धरली. शेजारीण बयनाबाई. तिचं म्हणणं त्यानं जसंच्या तसं उतरवलं होतं : पोरगा सोन्यावाणी हाय, माह्या नातवाचं रक्त त्यानंच फुकटात तपासलं. खाली अनुपचा स्वतःचा शेरा : समाधानकारक.

हणमंतरावांनी त्याच्या कानांकडं पाहिलं. कान गप्प होते.

"तारीख कुणी दिली त्यांना? जन्मतारीख?"

"ती माझ्याकडं नसतेच, सार. मला फक्त नाव आणि घर देतात." मग तो जरा हसून म्हणाला, "त्या घरची आई लक्षात आहे माझ्या. जेवल्याशिवाय जाऊ देईना. मी पोराच्या नोकरीसाठी आलोय म्हटल्यावर तिनं शेवया केल्या. कसा आहे तो? लागली का दुसरी नोकरी?"

"वारला तो. पंधरा दिवस झाले."

अनुपनं मोबाइल खिशात ठेवला, परत काढला, परत ठेवला. बसस्टँडवर गाड्यांच्या नावाचा पुकारा चालू होता.

"मी एरवी कधी विचारत नाही सार, पुढं काय झालं ते," तो हळूच म्हणाला. "विचारलं तर काम होणार नाही माझ्यानं." आणि हणमंतराव उठायला लागले तसं तोच पुढं म्हणाला, "माझा फॉर्म चांगलाच होता, सार. नंतर हैदराबादहून फोन होतात. अर्जात ओळखीचा म्हणून एकाचं नाव द्यावं लागतं ना, त्याला. तुमच्याच गावचा होता, रविकांत. त्याला सगळं विचारलं होतं. हे फोनचे शेरे तुमच्या प्रतीत छापत नाहीत, माझ्या मोबाइलवर दिसतात. त्याच्या पुढं काय लिहिलंय माहीत आहे? 'गुन्ह्याबाबत नकार दिला नाही.'"

हणमंतराव परत बाकावर बसले. रविकांत! देवानंदचा शाळेपासूनचा जोडीदार. दोघांनी लॅबचा कोर्स एकत्र केलेला. आणि देवानंदची नोकरी गेल्यावर त्या दवाखान्यात त्या जागेवर जो लागला, तोही हाच रविकांत.

तेरवीला तो आला नव्हता.

४

रविवारी रविकांत गावी आला, तो बसमधून उतरून थेट घरी जायला निघाला, तर फाट्यावर गुरुजी उभे.

हणमंतरावांची जुनी रीत होती. ते पोराला काही विचारत नसत. नुसते समोर उभे राहून बघत राहत. भले भले त्या बघण्यानं पाघळायचे. इथं तर तिशीला आलेला, हैदराबादची पँट घातलेला गडी, पण दोन मिनिटांत त्याच्या हातातली पिशवी खाली गेली.

"तुमाले कळलं," रविकांत म्हणाला.

"तू सांग."

"थे फोनवाली बाई म्हणे, याच्यावर चोरीची केस हाय, तुमाले माहीत हाय का? मले माहीत होतं जी, थे केस धाकल्याची हाय. पुऱ्या गावाले माहीत हाय. एक डाव म्हणलो असतो, बाई, थो दुसरा देवानंद हाय, तं झालं असतं." त्यानं पायानं पिशवी बाजूला सारली. "म्या म्हणलो, मले माहीत नाई. एवढंच म्हणलो, गुरुजी. खोटं नाई बोललो. यादीत त्याच्याखाली माहं नाव होतं."

हणमंतरावांना त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. हात उचललाही असेल. पण रविकांत तोंड झाकून तिथंच मैलाच्या दगडावर बसला आणि लहान पोरासारखा हमसून रडायला लागला.

"देवाचा फोन आलता मले मंग. म्हणे, रव्या, माहं नाई जमलं, पन तू जाय, नोकरी चांगली हाय. माह्या खोलीचं डिपॉझिट त्यानं भरलं! मी कोणत्या तोंडानं तेरवीले येऊ?"

हणमंतरावांनी त्याला रडू दिलं. पण शिक्षकाचं डोकं आत चालूच होतं. त्या बाईनं प्रश्न विचारला तोच केसचं नाव घेऊन. म्हणजे डाग रविकांतच्या आधीच लागलेला होता. यानं तो पुसला नाही, हे याचं पाप. लावणारा हा नव्हे.

"रव्या, डोळे पूस. पोलिसांकडं थोरल्याची जन्मतारीख कशी गेली? आठवून सांग. त्याचे कागद कुणी कधी मागितले होते?"

रविकांतनं बाहीनं तोंड पुसलं. मग त्यानं मान वर केली.

"धाकला मिलमधे लागला तवा, गुरुजी. जैनथच्या झेरॉक्सवाल्याकडं धाकला आन् थोरला दोघं उभे होते. धाकल्याच्या हाती कागदाचा गठ्ठा, आन् थोरला त्याले एक एक कागद देऊन राह्यलता. म्या डोळ्यानं पाह्यलं. म्या विचारलं, कायचे कागद हाय रे? तं दोघंबी हासले. सांगतलं नाई."

५

आदिलाबादच्या कापूस यार्डात त्या दिवशी गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत आली होती. हणमंतराव ऑटोतून उतरले ते तोंडात संतापाचे शब्द घोळवतच. सगळं जुळलं होतं. धाकल्यानं भावाचे कागद मिलमध्ये लावले, पोलिसांनी मिलमधून कागद उचलले, आणि चोरी थोरल्याच्या माथी बसली. ज्यानं विश्वासानं कागद दिले त्याचाच घात!

धाकला देवा गाठोड्यांच्या थप्पीवरून उतरला. डोक्याला फडकं, अंगभर कापसाचे तंतू. गुरुजींना बघून धावत आला आणि पाया पडायला वाकला. हणमंतरावांनी पाय मागं घेतले.

"थोरल्याचे कागद मिलमध्ये का लावलेस?"

"थोरल्याचे?" धाकला भांबावला. "नाई जी."

"खोटं बोलू नकोस. झेरॉक्सच्या दुकानात तुम्हाला पाहिलंय."

"थे तं माहे कागद होते, गुरुजी. मले फॉर्म भरता येत नाई, म्हून थोरला संगं आलता. त्यानंच लावून देल्ले, त्यानंच सही कोठी करायची थे दाखवलं. तारीख पाहून आमी दोघं हासून राह्यलतो."

"कसली तारीख?"

धाकल्यानं कमरेची प्लॅस्टिकची पिशवी सोडली. हमालाला कागद अंगावरच ठेवावे लागतात. आत घडी घालून घालून मऊ झालेला शाळेचा दाखला होता आणि आधार कार्ड होतं. देवानंद उद्धव ताजणे. जन्मतारीख एक जून एकोणीसशे सत्त्याण्णव.

"हे... हे वर्ष कुणी घातलं?" हणमंतरावांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं.

"तुमीच तं देल्लं जी," धाकला साधेपणानं म्हणाला. "शाळेच्या दाखल्यावर तेच हाय, मंग सगळीकडं तेच चालते. थोरला म्हणे, गुरुजीनं आपल्याले जुळे भाऊ करून टाकलं."

आजूबाजूला गाड्या रिकाम्या होत होत्या, हमाल ओरडत होते. हणमंतरावांनी दाखल्याच्या तळाची आपलीच सही पाहिली. आणि मग त्यांना सगळं आठवलं, इतक्या वर्षांनी, स्वच्छ.

दोन हजार दोन सालचा जून. शाळेचा व्हरांडा. पाच वर्षांचा थोरला देवा घरचं मोठं माणूस न घेता नाव घालायला आलेला, आणि त्यानं मनगटाला धरून आणलेला सव्वाचार वर्षांचा धाकला. धाकल्याची आई मजुरीला गेलेली, घरात बघायला कुणी नाही.

"यालेबी घ्या, गुरुजी."

"अरे, हा लहान आहे. पुढल्या वर्षी आण."

थोरल्यानं पाटी जमिनीवर ठेवली. "मंग मीबी पुढल्या वर्षी येतो."

हणमंतराव खो खो हसले होते. पण हसता हसता हिशेबही केला होता. मराठी शाळेचा पट घसरलेला, दोन पोरं कमी पडली की दुसऱ्या मास्तरची जागा जाणार. पाच पूर्ण नसतील तर नाव घालता येत नाही. मग पेन उचललं आणि दोन ओळींत एकच तारीख, एकच साल. तेवढ्या एका पोरासाठी त्यांनी वर्षही मनानं टाकलं, आणि कामाच्या धबडग्यात विसरूनही गेले. त्या दिवसापासून कागदावरच्या त्या दोन पोरांत काडीचाही फरक उरला नाही. गावाला कागदावरच्या फरकाची गरज कधी लागलीच नव्हती.

"काय झालं, गुरुजी?" धाकल्यानं त्यांना धरून बसवलं. "माह्या कागदात काही खोट हाय का?"

"तुझ्याकडून काही नाही रे बाबा," ते म्हणाले. "माझ्याकडून आहे."

६

शाळेतलं जुनं रजिस्टर बघायची खरं तर गरज नव्हती, पण त्यांनी ते बघितलं. एकाखाली एक दोन ओळी, निळी शाई, वळणदार अक्षर. त्या अक्षराचं तालुकाभर कौतुक व्हायचं. त्यांनी रजिस्टर मिटलं आणि त्याच दुपारी नोटरीपुढं बसून लिहून दिलं : अमुक विद्यार्थ्याचं वय मी जाणूनबुजून खोटं लिहिलं, त्यामुळं दोन माणसांची नोंद एक झाली. नोटरी म्हणाला, "गुरुजी, एवढं स्पष्ट लिहू नका. नजरचुकीनं म्हणा." हणमंतरावांनी ऐकलं नाही.

धाकल्याला त्यांनी सगळं सांगितलं. त्याशिवाय त्याचं साल बदलता येत नव्हतं. त्या हमाल गड्यानं कमरेची पिशवी सोडून दाखला त्यांच्यापुढं ठेवला. मग म्हणाला, "मंग माहं नाव काटून टाका नं, गुरुजी. शाळेतूनच काटा. म्या शिकलो तरी कोठी?" एकतीस वर्षं शिकवलेल्या माणसानं दाखल्याची घडी घातली आणि तो त्याच्या पिशवीत परत ठेवला.

चैत्रालीनं हैदराबादेत कंपनीच्या मागं लागून लागून बावीस दिवसांत उत्तर काढलं. संक्रांत दोन दिवसांवर होती. हणमंतराव तो कागद घेऊन विमलबाईंकडं गेले. त्या एकट्याच होत्या, सुपात जवारी पाखडत बसलेल्या. त्यांनी सूप बाजूला सारून चटई टाकली.

"वाचा जी."

हणमंतरावांनी एक एक वाक्य मराठीत करून वाचलं. विमलबाई उद्धव ताजणे यांचा मुलगा देवानंद याच्यावर कोणताही गुन्हा नव्हता आणि नाही. चुकीच्या नोंदीबद्दल कंपनी दिलगीर आहे.

विमलबाईंनी कागद हातात घेतला. वाचता येत नव्हतं, तरी वरून खालपर्यंत बघितला. मग कपाळाला लावला आणि पहिल्यांदा, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, मोकळं रडल्या. "देवा रे माह्या! म्या तुले म्हणलं, बैलावाणी घरी येऊन बसला म्हून... तू सांगतलं काऊन नाई रे!"

रडं ओसरल्यावर त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"आता नाव सांगा."

"चौकशीला आलेल्या पोरानं चांगलंच लिहिलं होतं. गावातल्या कुणी चुगली केली नाही. धाकल्यानंही नाही." रविकांतचं नाव त्यांनी घेतलं नाही. त्याचं त्यानं येऊन सांगावं. "दोघांच्या जन्माचं साल कागदावर एकच होतं, म्हणून मशीननं दोघांना एक धरलं. आणि ते साल मी लिहिलं होतं, विमलबाई. धाकल्याचं वय मी खोटं लिहिलं. तुम्हाला हवा होता तो माणूस मीच."

बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती. विमलबाईंना समजायला वेळ लागला. समजलं तसा त्यांचा चेहरा दगडासारखा झाला.

"काऊन लिवलं?"

हणमंतरावांच्या जिभेवर आलं होतं. तुमच्याच देवानं हट्ट केला म्हणून. पाटी खाली ठेवली त्यानं. भावाशिवाय शाळेत बसणार नाही म्हणाला. हे सांगितलं असतं तर त्यांचा अर्धा भार उतरला असता. खोटं कशाला, तो मोह झाला त्यांना. पण त्या दिवशी ही माउली तिथं नव्हती; तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं, तर उरलेला जन्म ती त्या पाच वर्षांच्या पोराला मनात समजावत बसेल, की सोड रे बाबा त्याचा हात, एकटा जाऊन बस शाळेत.

"पट वाढवायचा होता," ते म्हणाले. "नोकरी टिकवायची होती. आणि आळस. खरं वय काढत बसायचा आळस केला मी."

विमलबाईंनी खाली सांडलेली जवारी वेचून परत सुपात टाकली.

"देवाच्या बापानं मरताना सांगतलं होतं," शेवटी त्या म्हणाल्या, "काई अडलं तं गुरुजीले विचारत जाय. म्या आजवर तेच केलं."

त्या उठल्या, आत गेल्या आणि तांब्याभर पाणी आणून त्यांच्यापुढं ठेवलं.

"पाणी प्या. उन्हाचे आले तुमी. आन् आता जा, गुरुजी. पुन्यांदा ह्या घरी येऊ नका."

हणमंतराव पाणी प्यायले. त्यांनी तांब्या उचलून उंबऱ्याच्या आत सरकवला, चपला घातल्या आणि नाल्याच्या वाटेनं घराकडं निघाले.